सायकलचे माप

चप्पल घ्यायला गेलेला माणूस दुकानात ती पायात घालून चार पावले चालून पाहतो. अंगठा रुततो, टाच बाहेर येते, पट्टा घासतो, असे काहीतरी म्हणून दुकानदाराला आणखी चार जोड काढायला लावतो. सदरा शिवायचा तर शिंपी खांदा, छाती, बाही अशी मापे घेतो आणि वर 'जरा सैल ठेवू का?' असेही विचारतो. आमच्या सोलापुरात तर शाळेच्या गणवेशांचा मोठा धंदा आहे. पाचवीतल्या पोराचा आणि दहावीतल्या पोराचा गणवेश एकाच मापाने शिवून चालत नाही, हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. सायकल घेताना मात्र आपण रंग पाहतो, कंपनी पाहतो, घंटी वाजवून पाहतो, किमतीची घासाघीस करतो आणि दुकानदाराने ज्या उंचीवर सीट बसवून दिली त्याच उंचीवर बसून घरी येतो. पुढे दहा वर्षे ती सीट तिथेच राहते. सायकल आपल्या अंगाला होते की नाही, हा प्रश्नच मनात येत नाही.

माझ्या हे ध्यानात आले ते चिंचोळी एमआयडीसीत. सोलापूरहून पुणे रस्त्याने निघाले की बाळे, केगाव, कोंडी अशी गावे मागे टाकत साधारण पंधरा किलोमीटरवर ही वसाहत लागते. तालुका मोहोळ, पण पोटापाण्याचे नाते सोलापूरशी. औषधांचे, रसायनांचे, इंजिनिअरिंगचे कारखाने इथे आहेत. सोलापूरच्या जुन्या गिरण्यांचे भोंगे बंद पडल्यावर शहरातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या तरुणांनी कामासाठी ज्या दिशांना तोंड वळवले, त्यांपैकी ही एक. एका स्नेह्यांच्या वर्कशॉपच्या हिशेबाच्या निमित्ताने मी तिथे अधूनमधून जातो. पाळी सुटायच्या वेळी टपरीवर चहा घेत बसले की पाहण्यासारखे पुष्कळ असते. आधी मोटारसायकलींचा लोंढा जातो, मग कंपन्यांच्या बसेस जातात, आणि धूळ खाली बसू लागली की सायकली निघतात. कंत्राटावरचे कामगार, रखवालदार, कँटीनमध्ये भांडी घासणारे, बाहेरच्या राज्यांतून येऊन पाकणी-चिंचोळीच्या बाजूला खोली घेऊन राहिलेली पोरे. सायकल आता संपली असे मोटारीच्या काचेतून पाहणाऱ्याला वाटते. पण २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्या देशभरच्या लोकांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने कामाला जात होते. स्कूटर-मोटारसायकलने जाणाऱ्यांचे प्रमाणही तेव्हा जवळपास तेवढेच होते.

या सायकलस्वारांचे गुडघे पाहत बसण्याचा मला छंदच लागला. बहुतेकांचा गुडघा वर येताना हँडलला आपटेल की काय असे वाटते. तो आपटू नये म्हणून माणूस दोन्ही गुडघे बाहेर फेकतो आणि बदकाने चालावे तशी ती सायकल चालते. कोणी टाचेने पायडल मारतो, कोणी तळव्याच्या खोलगट भागाने. चढ आला की सीटवरून उठतो, चढ संपला की धपकन बसतो. आठ तास उभ्याने काम करून निघालेला माणूस घरी पोचेपर्यंत आणखी अर्धा तास अर्ध्या उठाबशा काढत असतो, असेच म्हणायचे.

सीट इतकी खाली का, असे विचारले तर उत्तर बहुधा एकच मिळते: "पाय टेकायला पाहिजे ना!" हे उत्तर आपल्या हाडीमासी खिळलेले आहे. लहानपणी दांडीच्या मधून पाय घालून आपण वडिलांची किंवा तासाच्या भाड्याची मोठी सायकल शिकलो, तेव्हा पडण्याची भीती होती आणि जमिनीला पाय टेकणे म्हणजे जीव वाचणे होते. ती भीती वयाबरोबर गेली, पण सीट काही वर गेली नाही. खरे पाहता सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पाय सपाट टेकले पाहिजेत ही गरज थांबलेल्या सायकलची आहे. थांबताना सीटवरून पुढे सरकून उतरावे आणि एक पाय खाली टेकावा, किंवा सायकल किंचित कलती करून पायाचा चवडा टेकावा. हे दोन दिवसांत अंगवळणी पडते.

बँकेत हयात गेल्यामुळे आकडेमोडीवाचून माझे समाधान होत नाही. सायकलचे पुढचे दातेरी चाक ४४ दात्यांचे आणि मागचे १८ दात्यांचे असेल, चाके २८ इंची असतील, तर पायडलच्या एका फेरीत सायकल साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते. घर ते कारखाना अंतर सहा किलोमीटर धरा. सतत पायडल मारले तर जाताना ११०० फेऱ्या, येताना ११००. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ५५ हजार, आणि वर्षाला साडेसहा लाखांवर. एवढ्या वेळा प्रत्येक गुडघा वाकतो आणि सरळ होतो. त्यात रोजचे थांबणे किती? फाटकाशी एकदा, महामार्ग ओलांडताना एकदा, आणखी दोन-चारदा. त्या पाच-सहा वेळांच्या सोयीसाठी आपण २२०० वेळांची गैरसोय पत्करतो. कुठल्याही हिशेबनिसाला हा व्यवहार तोट्याचाच दिसेल.

गंमत अशी की सायकलच्या इतिहासात एक काळ असा होता, जेव्हा माणसाच्या पायाचे माप घेतल्याशिवाय सायकल मिळतच नसे. १८७०-८० च्या दशकांत पुढचे चाक भले मोठे आणि मागचे पिटुकले अशा सायकली होत्या. जुन्या चित्रांत आपण त्या पाहिलेल्या असतात. त्यांना साखळी नव्हती, पायडल थेट पुढच्या चाकालाच जोडलेले. चाक जेवढे मोठे तेवढा वेग जास्त. पण पाय पायडलला पोचला पाहिजे, म्हणून ज्याचा पाय लांब त्याला मोठे चाक आणि ज्याचा आखूड त्याला लहान. सायकल म्हणजे जवळजवळ शिवून घ्यायची वस्तू होती. १८८५ मध्ये इंग्लंडमधल्या जॉन केंप स्टार्ली यांची 'रोव्हर' सायकल आली. दोन्ही चाके जवळपास सारखी, मधे साखळी. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेचे टायर आणले आणि आजच्या सायकलची घडण पक्की झाली. चाकाचा पायाच्या मापाशी संबंध तुटला. आता एकाच घडणीच्या हजारो सायकली करता येऊ लागल्या, आणि माणसामाणसातला फरक भरून काढण्याचे काम सीटखालच्या एका नळीवर आणि एका बोल्टवर आले. तो बोल्ट तिथे आहे तो त्यासाठीच. आपण तो पावसात गंजू देतो.

आपल्याकडे स्वातंत्र्याच्या आगेमागे सायकलचे मोठे कारखाने उभे राहिले. मद्रासजवळचा टीआय १९४९ चा, सोनिपतचा ॲटलस १९५१ चा, लुधियानाचा हिरो १९५६ चा. (ॲटलसचा साहिबाबादचा शेवटचा चालू कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा होता.) या कारखान्यांनी दूधवाल्याला, पोस्टमनला, गिरणी कामगाराला परवडेल अशी काळी, दणकट, २८ इंची चाकांची सायकल दिली. तिच्या फ्रेमची मापे मुख्यतः दोन, २२ इंची आणि २४ इंची. फ्रेमचे हे माप म्हणजे पायडलच्या मधल्या ॲक्सलपासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचे अंतर. लहान मुलांच्या सायकलींना आपण वीस नंबर, चोवीस नंबर म्हणतो तो आकडा मात्र चाकाचा असतो, फ्रेमचा नव्हे. दुकानात या दोन आकड्यांचा घोळ नेहमी होतो आणि त्या घोळातच चुकीची सायकल घरी येते. बुटक्या माणसाने चोवीस इंची फ्रेम घेतली तर सीट तळाला टेकवूनही ती उंचच राहते. त्यावर पान्याने इलाज नाही. त्याने फ्रेमच लहान घ्यावी, किंवा सरळ बिनदांडीची लेडीज सायकल घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

आता रस्त्यावर जास्त दिसतात त्या जाड टायरच्या, सरळ हँडलच्या सायकली. आमच्याकडे त्यांना सरसकट 'रेंजर' म्हणतात. त्यांच्या फ्रेम लहान असतात आणि सीट पुष्कळ वर घ्यावी हे त्यांच्या घडणीतच गृहीत धरलेले असते. ती वर घेतली जात नाही, आणि चिंचोळीच्या रस्त्यावर गुडघे हँडलशी भांडतात ते बहुधा याच सायकलींवर.

वसाहतीच्या कोपऱ्यावर पंक्चर काढणाऱ्या एका मिस्त्रींचे दुकान आहे. पत्र्याचे छप्पर, पाण्याची घमेली, भिंतीला टांगलेल्या जुन्या ट्यूबा. एकदा मी तिथे बसलेलो असताना पंचेचाळिशीचे एक गृहस्थ सायकल हाताने ढकलत आले. सायकल मुलाची, मुलगा कॉलेजात जाऊन मोटारसायकलवर गेला, सायकल वडिलांकडे आली. मागचे चाक बसले होते.

"गुडघा लई दुखायलाय चाचा," पंक्चर निघेपर्यंत ते बोलत होते. "मेडिकलमधून गोळी घेतो, दोन दिस बरं वाटतंय. आता हप्त्यावर गाडी घ्यावी म्हणायलोय."

मिस्त्रींनी ट्यूब घासता घासता विचारले, "कुठं दुखतंय? पुढं का मागं?"

गृहस्थांनी गुडघ्याच्या वाटीवर बोट ठेवले.

मिस्त्री उठले. त्यांना सायकलवर बसवले, खांबाला धरायला लावले, टाच पायडलवर ठेवून पायडल खाली न्यायला सांगितले. गुडघा चांगलाच वाकलेला राहिला. "ही पोराची सीट आहे. पोरगं आठवीत होतं तवाची," असे म्हणत त्यांनी सीटच्या बोल्टवर तेल सोडले, पाना लावला आणि सीट दोन बोटे वर घेतली. गृहस्थ बसले आणि दचकले. "उंटावर बसल्यासारखं वाटायलंय की!"

"आठ दिवस उंटावर बसा. मग परत या, अजून थोडी घेऊ. एकदम घेतली तर उलटं दुखतंय."

मी मिस्त्रींना म्हटले, हे तुम्ही प्रत्येकाला का सांगत नाही? ते हसले. "साहेब, गिऱ्हाईक पंक्चर काढाय येतंय. सीटचं कोण बोलत नाही, मग मी बी विचारत नाही. गुडघा दुखतोय म्हणून माणूस डॉक्टरकडं जातो. सायकलवाल्याकडं कोण येतंय?"

महिन्याभराने ते गृहस्थ टपरीवर पुन्हा भेटले. सीट आणखी दोनदा वर गेली होती. जुनी नळी अपुरी पडली म्हणून मिस्त्रींनी लांब नळी घातली होती. खर्च दोनशे रुपयांच्या आत. गुडघ्याचे विचारले तर म्हणाले, "चढाला आता दुखत न्हाई. जिना उतरताना अजून जरा कळ येती." मोटारसायकलचा हप्ता त्यांनी तूर्त पुढे ढकलला होता. कंत्राटी मजुरीत जो दिवस भरला नाही त्या दिवसाचे पैसे नाहीत. गुडघ्यापायी घरी बसलेला एक दिवसही अशा घरात जाणवतो.

मिस्त्रींनी वापरली ती टाचेची रीत जगभर सांगितली जाते आणि घरी कोणालाही करता येते. सायकल भिंतीला लावावी. नेहमी जे पायात घालतो ते घालून सीटवर बसावे. पायडल अगदी खाली असताना टाच त्यावर ठेवली तर गुडघा जेमतेम सरळ व्हावा. मग चालवताना टाचेऐवजी पायाचा चवडा पायडलवर येतो आणि गुडघ्याला आपोआप हलका बाक राहतो. हा बाक साधारण २५ ते ३५ अंशांचा असावा असे आज मानतात. तो फार जास्त राहिला, म्हणजे सीट फार खाली असली, तर गुडघ्याची वाटी प्रत्येक फेरीला मांडीच्या हाडावर दाबली जाते आणि दुखणे पुढच्या बाजूला येते. सीट फार वर असली तर खालच्या पायडलला पोचण्यासाठी कंबर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे घसरते आणि गुडघ्याच्या मागच्या शिरा ताणल्या जातात. म्हणून मिस्त्रींचा तो प्रश्न, पुढे की मागे, अगदी नेमका होता.

ज्यांना आकड्यांनी समाधान हवे त्यांच्यासाठी दोन सूत्रे आहेत. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहावे, पुठ्ठा-बांधणीचे एखादे पुस्तक दोन्ही पायांमध्ये वरपर्यंत दाबून धरावे आणि त्याच्या वरच्या कडेपाशी भिंतीवर पेन्सिलीची खूण करावी. जमिनीपासून तिथवरचे अंतर म्हणजे पायाचे माप. समजा ते ८० सेंटीमीटर भरले. १९६७ साली हॅम्ली आणि थॉमस या ब्रिटिश संशोधकांनी असे मांडले की खाली गेलेल्या पायडलपासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर या मापाच्या १०९ टक्के असावे. म्हणजे ८७.२ सेंटीमीटर. दुसरे सूत्र ग्रेग लेमाँड या अमेरिकी शर्यतपटूच्या नावाने ओळखले जाते. त्याने 'टूर द फ्रान्स' तीनदा जिंकली. त्यात मापाला ०.८८३ ने गुणायचे आणि आलेले अंतर पायडलच्या मधल्या ॲक्सलपासून सीटच्या माथ्यापर्यंत ठेवायचे. म्हणजे ७०.६ सेंटीमीटर. पायडलचा दांडा साडेसोळा सेंटीमीटरचा असेल तर पहिल्या सूत्रातूनही ७०.७ येतात. दोन वेगळ्या वाटांनी निघालेली माणसे एकाच चौकात भेटली! अर्थात ही सूत्रे शर्यतवाल्यांची. भाजी आणायला किंवा कामाला जाणाऱ्याने त्याहून एक-दोन सेंटीमीटर खाली राहिले तरी उत्तम. कॅरिअरवर दुधाचे कॅन किंवा पोते लादणाऱ्याने तर मुद्दाम थोडे खाली राहावे, कारण तोल गेला की त्याला खरोखरच चटकन पाय टेकावा लागतो.

कारखान्यात जाणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. पातळ चपलेवर बसवलेले माप जाड तळाच्या सेफ्टी शूजला लागू पडत नाही. तळ जेवढा जाड, तेवढी सीट वर. आणि सीटची नळी फ्रेममध्ये पुरेशी आत असलीच पाहिजे. नळीवर खुणेची रेघ असते. ती बाहेर दिसू लागली की थांबावे आणि लांब नळी घालावी. नाहीतर नळी वाकते, कधी तुटते.

उंची साधली की निम्म्याहून अधिक काम झाले. उरलेले बसल्या बसल्या तपासावे. सीट पाण्याच्या पातळीसारखी सपाट असावी. तिचे नाक वर असले तर नाजूक जागी दाब येऊन बधिरपणा येतो. खाली झुकलेले असले तर माणूस सारखा पुढे घसरतो आणि अंगाचा भार हातांवर येतो. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट यांना मुंग्या येतात त्या यामुळे, किंवा हँडल फार खाली असल्यामुळे. तळहाताच्या त्या कडेने जाणारी नस दाबली जाते. सीट पुढे-मागेही सरकते. दोन्ही पायडल आडव्या रेषेत आणून पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडला तर तो पायडलच्या ॲक्सलच्या आसपास यावा. काळ्या सायकलची सीटची नळी मागे जास्त कललेली असते, तिच्यावर तो थोडा मागे पडतो. त्याची चिंता करू नये.

हँडल सीटच्या बरोबरीने किंवा किंचित वर असावे. मधला बोल्ट दोन-तीन आटे सैल करायचा, त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हलकेच ठोकायचे, की आतली मेख सुटते आणि हँडल वर घेता येते. सळयांचे ब्रेक असतील तर हँडलबरोबर सळयाही ओढल्या जातात, म्हणून ब्रेक पुन्हा जुळवल्याशिवाय सायकल रस्त्यावर काढू नये. हे काम मिस्त्रींकडूनच केलेले बरे. पावसाळ्यात आमच्याकडे वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे शहरातून चिंचोळीला जाताना तो थेट तोंडावर. तेव्हा काही जणांना वाटते की हँडल खाली असते तर बरे. पण त्यासाठी वर्षभर कंबर मोडून घेण्यात अर्थ नाही. वारा असेल तेवढा वेळ कोपर वाकवून पुढे झुकावे, पुन्हा ताठ बसावे.

बायकांच्या बाबतीत आणखी एक. आपण सीटवर बसतो ते खरे तर कटीच्या दोन हाडांवर. बायकांत ती हाडे साधारणपणे अधिक अंतरावर असतात, म्हणून त्यांची सीट रुंद आणि आखूड लागते. नवऱ्याच्या किंवा भावाच्या सायकलवर बसून 'मला सायकल सोसत नाही' म्हणणाऱ्या कितीतरी जणींना सायकल सोसते, फक्त ती अरुंद सीट सोसत नाही. शाळकरी मुलींचे तर पाहायलाच नको. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या जातात. लांबच्या शाळेपर्यंत पोचण्याचा तो केवढा आधार आहे. पण आठवीतली मुलगी बारावीपर्यंत वाढते आणि सीट आठवीतच राहते. दर सहा महिन्यांनी शाळेच्या पटांगणात एखाद्या शिक्षकाने पाना हातात घेतला तर एका तासात शंभर मुलींचे काम होईल.

ही सारी काळजी मोठ्या खेळाडूंनी किती घेतली याच्या कथा आहेत. बेल्जियमचा एडी मर्क्स, पाच वेळा 'टूर द फ्रान्स' जिंकलेला, १९६९ च्या सप्टेंबरात ब्ल्वा गावच्या ट्रॅकवर वाईट पडला आणि कंबरेला कायमची इजा झाली. त्यानंतर सीटची उंची ही त्याची रोजची चिंता होऊन बसली. शर्यतीतसुद्धा तो पाना जवळ ठेवी आणि सीट खाली-वर करी. आपल्याकडे नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये सुमारे ४८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघातून पुरी केली. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी ती एकट्याने पुरी केली. अशा अंतरांना पाच मिलिमीटरची चूकही भोवते. पुण्या-मुंबईत आता शरीराची मापे घेऊन, चित्रफीत काढून सायकल जुळवून देणारे तज्ज्ञ आहेत आणि त्यासाठी काही हजार रुपये मोजणारे हौशी लोकही आहेत. ते चांगलेच आहे. पण रविवारी सकाळी हौसेने शंभर किलोमीटर जाणाऱ्याच्या गुडघ्याला जे ज्ञान मिळते, ते सोमवारी सकाळी पोटासाठी सहा किलोमीटर जाणाऱ्याच्या गुडघ्याला मिळत नाही. त्याला लागणारे ज्ञान तर मिस्त्रींच्या दुकानातल्या एका पान्यात मावते.

बँकांत १९७२ पासून सवलतीच्या व्याजदराची एक योजना आहे. गरिबांना चार टक्क्यांनी छोटी कर्जे देणारी. फेरीवाले, दूधवाले, धोबी त्यातून सायकल घ्यायचे. त्या कागदपत्रांत काय नसे? कंपनीचे नाव, फ्रेमचा नंबर, दुकानाचे कोटेशन, नजरगहाण, जामीन. एवढ्या रकान्यांत एक रकाना कुणाच्याच मनात कधी आला नाही, तो म्हणजे सायकल चालवणाऱ्याच्या उंचीचा. यात बँकेचाच दोष आहे असे नाही. कारखानदाराने तो विचारला नाही, दुकानदाराने विचारला नाही, आणि चालवणाऱ्यालाही वाटले की वस्तू जशी मिळाली तशी वापरायची, दुखले तर आपले अंगच नाजूक. हातमागावर बसणाऱ्या आमच्या विणकराचे पाय पावडीवर नीट पोचतात की नाही, हे मागाचा खड्डा खोदताना पाहिले जाई. ही समज आपल्याकडे होतीच. सायकल तयार होऊन आली, म्हणून ती बाजूला पडली.

घरात सायकल असेल तर आज रविवार आहे. बोल्टवर तेलाचे दोन थेंब सोडा. गंज जुना असेल तर रात्रभर मुरू द्या. टायरमध्ये हवा भरा, कारण मऊ टायरवर कुठलेच माप खरे वाटत नाही. टाचेच्या रीतीने उंची पाहा, आणि सीट फार खाली असेल तर एका वेळी अर्धा-एक सेंटीमीटरच वर घ्या, आठवडाभर चालवा, मग पुढचे. बोल्ट घट्ट आवळा. हाताने पिळून सीट फिरता कामा नये. तरीही गुडघा दुखत राहिला, सुजला, रात्री ठणकला, तर सायकलवर न ढकलता डॉक्टरांना दाखवा. आणि एकच सायकल घरात दोघे वापरत असतील, तर प्रत्येकाची उंची ठरल्यावर सीटच्या नळीवर नेलपॉलिशची एकेक रेघ ओढून ठेवा. वडिलांची एक, मुलीची एक. मुलीची रेघ वर्षाच्या आत पुसून पुन्हा ओढावी लागेल.